शहाण्णवशे, सात, ईवन, एक, नन

रत्नागिरीत, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत रोज सकाळी, गेट उघडून अगरबत्ती लावून झाली की, एका केबिनमध्ये मंत्र म्हटला जायचा. "कॉम वन. शहाण्णवशे. सात. ईवन. एक. नन." म्हणणारा मुलगा काट्यावरचा ऑपरेटर. मंत्राचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. त्याला तो आधीच्या ऑपरेटरने दिला, आधीच्याला त्याच्या आधीच्याने. मूळ कर्ता अज्ञात आहे. खिडकीच्या काचेला आतून चिकटवलेल्या कागदावर तो एकदा कुणीतरी लिहूनही ठेवला होता. उन्हाने शाई उडून गेली, चिकटपट्टी मात्र शाबूत राहिली. मुलगा त्या कोऱ्या कागदाकडे बघूनच म्हणायचा.

काटा म्हणजे वजनकाटा. गाडी भरून आली की एकदा काटा करायचा, रिकामी होऊन निघाली की पुन्हा एकदा, आणि वजाबाकीचे पैसे द्यायचे-घ्यायचे. मे महिन्यात कॅनिंगचा आंबा घेऊन येणाऱ्या गाड्यांची रांग लागते. एरवी मासळी, काजू, खडी, भंगार, जे येईल ते. लोखंडी फलाटाखाली लोड सेल आहेत. त्यांची वायर केबिनमधल्या इंडिकेटरला येते आणि इंडिकेटरवर लाल आकडे उमटतात. इंडिकेटरच्या पाठीतून नऊ पिनांची एक केबल निघायची आणि कॉम्प्युटरच्या सिरीयल पोर्टात शिरायची. कॉम्प्युटरवर तेव्हा विंडोज एक्सपी होतं. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची साथ ८ एप्रिल २०१४ रोजी सोडली, पण ही बातमी काट्यावर पोचलेली नव्हती आणि पोचवायची तशी कुणाला घाईही नव्हती.

काट्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर होतं एकेकाळी. ते डोंगलवर चालायचं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा एका पावसाळ्यात डोंगलच्या पिना हिरव्या झाल्या आणि ते गेलं. नवं मागवावं तर ज्याने सॉफ्टवेअर लिहिलं त्याचा धंदाच डोंगलच्या आधी बंद पडलेला. मग कुणीतरी शोध लावला की विंडोजच्या पोटात हायपरटर्मिनल नावाचा एक जुना प्रोग्रॅम फुकट पडलेला असतो. त्यात पोर्ट उघडला की इंडिकेटर बोलतो ते पडद्यावर दिसतं. 'कॅप्चर टू प्रिंटर' निवडलं की तेच डॉट मॅट्रिक्सवर खडखडत छापूनही येतं. पावतीचा प्रश्न मिटला.

आता कुणी म्हणेल, इंडिकेटरवर लाल आकडे ढळढळीत दिसतात, ते बघून हाताने पावती लिहावी. असं म्हणणाऱ्याने आयुष्यात गाडी काट्यावर घातलेली नाही. लाल आकडे ड्रायव्हर बघतो, क्लीनर बघतो, रांगेतला मागचा ड्रायव्हरही वाकून बघतो, पण खरं वजन म्हणजे कॉम्प्युटरचं वजन. हाताने लिहिलेल्या पावतीवर बागायतदार आधी सही बघतो, मग लिहिणाऱ्याचं तोंड बघतो आणि मग शेजारच्या काट्यावर गाडी नेतो.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. आमच्या भागात अशा माणसाकडे वायर असलेली कुठलीही वस्तू नि:संकोच आणली जाते. मिक्सर येतो, इन्व्हर्टर येतो, एकदा दाढीचं मशीनही आलं होतं. त्यामुळे काट्यावर जाणं-येणं ओघानेच आलं. एका सकाळी तिथे गेलो असताना मी तो प्रातःकालीन विधी शेवटपर्यंत बघितला, आणि खरं सांगायचं तर जुना मित्र भेटल्यासारखं झालं.

हायपरटर्मिनल हा मूळचा मॉडेमवाला माणूस. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मनरो नावाच्या गावी हिलग्रेव्ह नावाची कंपनी आहे, तिने तो मायक्रोसॉफ्टला करून दिला आणि विंडोज ९५ पासून तो घरोघर गेला. त्या काळी दुसऱ्या कॉम्प्युटरशी बोलायचं म्हणजे फोन फिरवायचा. ती सवय त्याची कधी गेली नाही. उघडल्या उघडल्या तो विचारतो : तुम्ही कोणत्या देशात आहात? तुमचा एसटीडी कोड काय? बाहेरची लाइन घ्यायला आधी कुठला आकडा फिरवावा लागतो? टोन की पल्स? ट्रक खिडकीबाहेर दहा फुटांवर उभा आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि हा गृहस्थ चौकशी करतोय की बाहेरची लाइन कशी घेता.

०२३५२ एवढे आकडे एकदा भरले तर तो पुन्हा विचारत नाही. मी तसं सांगितलं. मुलगा घाबरला. "नको वो काका. फोन लागला म्हणजे? बिल कोण भरणार?" म्हणून तो रोज कॅन्सल करतो. कॅन्सल केलं की प्रोग्रॅम विचारतो, नक्की का? मुलगा म्हणतो, नक्की. मग प्रोग्रॅम दुसरं पान उघडतो : हायपरटर्मिनल हाच आपला डीफॉल्ट टेलनेट प्रोग्रॅम करावा अशी आमची शिफारस आहे, करायचा का? या प्रश्नाचं उत्तर द्यायला टेलनेट म्हणजे काय हे माहीत असावं लागतं, आणि ज्याला माहीत असतं तो हायपरटर्मिनल करत नाही. मुलगा 'नो' दाबतो. मग जोडणीला नाव द्यायचं. तो 'ए' तीनदा दाबतो. मग चित्र निवडायचं. सोळा-सतरा वर्षांपासूनच्या साऱ्या ऑपरेटरांनी पहिलंच चित्र निवडलेलं आहे.

आणि मग येतो तो मुख्य चौकोन. पाच खिडक्या. वेग २४००, डेटा बिट ८, पॅरिटी नन, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल हार्डवेअर. हे प्रोग्रॅमचं म्हणणं. काट्याच्या इंडिकेटरचं म्हणणं वेगळं : वेग ९६००, डेटा बिट ७, पॅरिटी ईवन, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल नन. पाचापैकी एकाच मुद्द्यावर दोघांचं एकमत आहे. मुलगा चार खिडक्या बदलतो, पाचवी बदलत नाही, पण तिच्यावरून जाताना 'एक' म्हणतो जरूर.

संध्याकाळी बंद करताना प्रोग्रॅम विचारतो, ए-ए-ए ही जोडणी सेव्ह करू का? एका 'यस'ने हे सगळं कायमचं संपलं असतं. मुलगा 'नो' म्हणतो. मी विचारलं, "अरे, 'यस' का नाही म्हणत?" तो माझ्याकडे, वयस्कर माणसाने भलतंच काही बोलावं तसा बघत राहिला. मग कळलं की कुण्या जुन्या ऑपरेटरने एका मेअखेरीला 'सेव्ह' म्हणून 'यस' दाबलं आणि महिनाभराच्या आंब्याच्या हिशेबावर कोरं पान जाऊन बसलं. तेव्हापासून मालकांचा हुकूम आहे : काट्यावर काही सेव्ह करायचं नाही.

तुम्हाला हे विचित्र वाटत असेल तर तुमचा सातबारा काढून बघा. कोकणात तरी त्याच्यावर पणजोबांचं नाव निघतं. पणजोबा कधी गेले ते कुणाला आठवत नाही. त्यांच्या खाली काका, चुलतकाका, मुंबईच्या आत्या, त्यांच्या लग्न होऊन सुरतेला गेलेल्या मुली, अशी नावं लागलेली, काही ठिकाणी 'व इतर' लागलेलं. आंबा आपण काढतो, फवारणी आपण करतो, राखण आपण ठेवतो, पण कर्जासाठी, विम्यासाठी, विजेच्या मीटरसाठी, दरवेळी सगळ्यांच्या संमतिपत्रांची माळ नव्याने ओवायची. एकदा बसून नाव बदलून घ्यावं, असं प्रत्येकाला दर मे महिन्यात वाटतं. पण नाव बदलायचं म्हणजे पणजोबांना हात लावायचा; कोण उठेल, कोण काय म्हणेल, नसती पीडा. त्यापेक्षा दरवेळची माळ परवडली. मूळ नोंदीला न शिवता रोज तात्पुरतं काम भागवण्यात आपण इतके तरबेज आहोत की मनरो गावच्या मंडळींनी सेव्हची सोय द्यायची तसदी आमच्यासाठी तरी घ्यायला नको होती.

तर पुढे मला बोलावलं ते या विधीपायी नव्हे. विधीची कुणाची तक्रारच नव्हती. बोलावणं आलं ते निम्म्या आकड्यांसाठी.

झालं असं की मंत्र म्हणणारा मुलगा चुलत बहिणीच्या लग्नाला गेला आणि त्याच्या जागी बदली मुलगा आला. हा कॉलेजात जाणारा, चलाख. त्याला त्या चौकोनात खाली 'रिस्टोअर डीफॉल्ट्स' असं बटण दिसलं. दाबून बघितलं तर २४०० चे आपोआप ९६०० झाले! म्हणजे बघा, प्रोग्रॅम उघडल्यावर स्वतः दाखवतो तो डीफॉल्ट वेगळा, आणि 'डीफॉल्ट पूर्ववत करा' म्हटल्यावर जो देतो तो वेगळा. पणजोबांचेही पणजोबा निघाले. पोराने विचार केला, मंत्रातलं शहाण्णवशे आलं, उरलेलं असेल काहीतरी श्रावणातलं, आणि ओके दाबलं.

पडद्यावर वजनं येऊ लागली. काही गाड्यांची अगदी स्वच्छ आली. काहींची आली ती आकड्यांच्या मधे जाळ्या, चौकटींचे कोपरे, परदेशी मुलुखातली अक्षरं घेऊन. शिवाय ओळी एकाखाली एक न येता जिना उतरल्यासारख्या तिरक्या उजवीकडे निघाल्या. 'केजी' तर एकदाही धड उमटलं नाही. गंमत म्हणजे तीच गाडी पुन्हा काट्यावर घेतली तर तोच कचरा पुन्हा जसाच्या तसा यायचा. लाल आकडे मात्र बरोबर.

दुपारपर्यंत रांगेत पक्ष पडले होते. एका टेंपोवाल्याचं भरलेलं वजन ६९६० आलं, रिकामं ३५९०, दोन्ही निष्कलंक. तो सगळ्यांना सांगत सुटला की आम्ही घरातून निघताना देवापुढे नारळ ठेवतो, आमचं वजन बिघडायचं काम नाय. (वजाबाकी ३३७० होते. त्यातला सात पडद्यावर आला असता तर काय झालं असतं ते पुढे सांगतो. तो हाताने कागदावर मांडला, म्हणून वाचला.) त्याच्या मागच्याचं आलं ४८७०; त्यातलं फक्त शून्य ओळखता आलं. तोही नारळ ठेवणाराच होता, त्यामुळे तो जरा दुखावला. तिसऱ्याचं म्हणणं पडलं की वर विमानतळ आहे, धावपट्टी जवळ, विमानाच्या लहरी वायरीत शिरतात. चौथ्याने सांगितलं की नंबरप्लेटमध्ये आठ असलेल्या गाड्यांनाच त्रास होतो, आणि हे सप्रमाण सिद्ध करायला रांगेतल्या तीन गाड्या दाखवल्या. विमानं बिचारी निर्दोष होती. आठाच्या बाबतीत मात्र तो माणूस खऱ्याच्या फार जवळ आला होता, फक्त चुकीच्या पाटीकडे बघत होता.

मी आलो तेव्हा रद्दीत सकाळपासूनच्या पावत्या साठल्या होत्या. त्या घेऊन बसलो आणि नीट उमटलेले आकडे एका बाजूला काढले. ०, ३, ५, ६, ९. बस, एवढेच. १, २, ४, ७, ८ यांपैकी एकही सबंध पावत्यांमध्ये कुठे नाही. असं कळल्यावर दुखणं सापडल्यातच जमा.

इंडिकेटर कॉम्प्युटरला आकडा पाठवतो तो शून्य आणि एक यांच्या ओळीने. इंडिकेटर सात बिटांचा हिशेब ठेवतो आणि आठवं बिट राखणीला बसवतो. राखणदाराचं काम इतकंच की ओळीत एक किती ते मोजायचे. संख्या सम असली तर स्वतः शून्य व्हायचं, विषम असली तर स्वतः एक होऊन ती सम करायची. हीच ईवन पॅरिटी. आता शून्य, तीन, पाच, सहा, नऊ यांच्या ओळीत मुळातच एकांची संख्या सम येते, म्हणून राखणदार शून्य होऊन गप्प बसतो. एक, दोन, चार, सात, आठ यांच्यात ती विषम, म्हणून तो एक होऊन उभा राहतो. 'रिस्टोअर डीफॉल्ट्स'ने कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं की आठही बिटं मालाची, राखणदार कुणी नाही. मग राखणदार उभा असलेली प्रत्येक ओळ कॉम्प्युटरने राखणदारासकट माल म्हणून मोजली आणि आठाच्या जागी भलतंच अक्षर काढून दिलं. छोट्या 'के' आणि 'जी'मध्येही एकांची संख्या विषम. ओळीच्या सुरुवातीला परत आणणारा जो अदृश्य संकेत असतो तोही विषम, तो वाया गेला. खालच्या ओळीवर नेणारा सम, तो पोचला. म्हणून जिना.

हे मी रांगेतल्या मंडळींना समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. नारळवाला म्हणाला, "म्हणजे आमच्या वजनात सगळे सम होते ना? तेच मी म्हणतोय."

वजनं दहा-दहा किलोच्या पायरीने वाढतात, त्यामुळे शेवटचं शून्य प्रत्येक पावतीवर अगदी ठसठशीत आलं होतं. मालक त्याच्यावर बोट ठेवून हिशेबनिसाला म्हणत होते, "पूर्ण बिघडलेलं नाय बरं का."

इथे वेगाच्या त्या चमत्कारिक आकड्यांबद्दल एक सांगायला हवं, कारण मालकांनी मला ते त्याच दिवशी विचारलं : सरळ दहा हजार का नाही ठेवत? वेग मोजतात तो 'बॉड'मध्ये, हे एमिल बोदो या फ्रेंच तारवाल्याचं नाव. तारयंत्राच्या धंद्यातला आपला माणूस. पण ९६०० हा आकडा त्याचा नव्हे. पीसीच्या सिरीयल पोर्टाच्या मागे सेकंदाला १८,४३,२०० ठोके देणारा एक क्वार्ट्झचा स्फटिक असायचा. पोर्टाची चिप त्याला आधी १६ ने भागते, उरतात १,१५,२००. मग आपण सांगू त्या पूर्ण संख्येने पुन्हा भागते : १२ ने भागलं की ९६००, ४८ ने भागलं की २४००. दहा हजार यायला सुमारे साडेअकराने भागावं लागतं, आणि चिपला साडे माहीत नाही. शहाण्णवशेच्या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरं जातात. काट्याला दर गाडीमागे दहा-बारा अक्षरं पुरतात. म्हणजे २४०० वर ठेवलं तरी चाललं असतं, ३०० वर ठेवलं तरी ड्रायव्हरला पत्ता लागला नसता. पण दोन्ही टोकांचं एकमत हवं. वेग नुसता जास्त असून उपयोग नाही.

मालक म्हणाले, "मग इंडिकेटरच बदलून टाका २४०० वर, म्हणजे कॉम्प्युटर बोलतो तसं." हा खरोखर उत्तम विचार होता. इंडिकेटरच्या आत सेटिंगचा मेनू असतोही. पण इंडिकेटर उघडायचा म्हणजे शिशाचं सील तोडायचं, आणि ते वैधमापन खात्याच्या निरीक्षकाने पडताळणी करून लावलेलं. सील तुटलं की पुन्हा पडताळणी होईपर्यंत काटा बंद. भर मे महिन्यात! मालकांनी प्रस्ताव तिथल्या तिथे मागे घेतला.

तेवढ्यात हिशेबनिसाने सांगितलं की त्याने हे सगळं पूर्वीच बदलून ठेवलेलं आहे. खरंच ठेवलं होतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम वनच्या नावावर पोर्ट सेटिंगचं एक पान असतं. त्यात ९६००, सात, ईवन, एक, नन, सगळं शुद्धलेखनासह. फक्त हायपरटर्मिनल त्या पानाकडे बघतसुद्धा नाही. त्याच्या स्वतःच्या पाच खिडक्या, तो त्यातलंच मानतो. हिशेबनिसाला हे पटलं नाही. त्याचं अजूनही मत आहे की त्याच्या पानामुळेच निदान निम्मे आकडे येत होते.

मग खरा उपाय. हायपरटर्मिनलचा डीफॉल्ट म्हणून काही बदलता येत नाही. पाच खिडक्या नीट लावून ती जोडणी एकदा सेव्ह करायची आणि पुढे रोज ती फाईलच उघडायची. इतकं सोपं असल्यामुळे त्याला परवानगी मिळायला आठवडा गेला. "सेव्ह केलं आणि आंब्याचा हिशेब गेला तर?" या प्रश्नाला माझ्याकडे शास्त्रीय उत्तर होतं, पण मालकांना शास्त्रीय नको होतं. शेवटी हिशेबाची प्रिंट काढून ती कपाटात कुलपात ठेवल्यावर, मालक स्वतः मागे उभे असताना, 'सेव्ह करू का' या प्रश्नाला त्या हुकुमानंतर प्रथमच 'यस' मिळालं. फाईलचा शॉर्टकट मी डेस्कटॉपवर मधोमध ठेवला. दुसऱ्या दिवसापासून दोनदा टिचकी मारली की थेट वजन. मंत्र म्हणणारा मुलगा लग्नाहून परतला तो जरा हिरमुसला. त्याने आठवडाभर टिचकी मारताना मंत्र म्हटलाच. बिघडत काही नव्हतं.

मे सरला. कॅनिंग संपलं. १ जूनपासून मासेमारीबंदी लागली, ती ३१ जुलैपर्यंत, एकसष्ट दिवस. वरून पाऊस. काट्यावर गाड्या नाहीत, कॉम्प्युटर चालू व्हायचा तो गाणी ऐकायला. एक्सपीमध्ये एक मदतनीस आहे, डेस्कटॉप क्लीनअप विझार्ड म्हणून. साठ दिवस न वापरलेले शॉर्टकट शोधून तो विचारतो, हे उचलून एका पेटीत ठेवू का? अमेरिकेत बसून कुणीतरी साठ हा आकडा ठरवला असेल तेव्हा त्याला महाराष्ट्राचा मत्स्यव्यवसाय डोळ्यांपुढे नसणार. बंदी उठायला एक दिवस बाकी असताना विझार्डचा फुगा आला. सेव्ह करू का असं त्याने विचारलं नव्हतं, त्यामुळे मुलाने 'फिनिश' दाबलं. ऑगस्टच्या पहिल्या टेंपोला डेस्कटॉप स्वच्छ होता आणि केबिनमध्ये मंत्र पुन्हा सुरू झाला. मला कुणी कळवलं नाही, कारण तक्रार नव्हती.

पुढच्या मेमध्ये वळवाच्या विजेने प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने सोडवला. वीज काट्यावर पडली नाही, जवळपास कुठेतरी पडली, आणि केबलवाटे येऊन पोर्टाची चिप घेऊन गेली. इंडिकेटर वाचला. कॉम्प्युटर नवा आणावा लागला. नव्याला सिरीयल पोर्टच नव्हता आणि विंडोजमध्ये हायपरटर्मिनलही नव्हता. २००७ च्या व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने तो काढून टाकलेला. मालकांच्या पुण्याच्या पुतण्याने यूएसबीची केबल आणली आणि पुटी नावाचा प्रोग्रॅम टाकला. पुटी सायमन टॅटम नावाच्या इंग्रज गृहस्थांनी लिहिलेला, फुकट, उत्तम. त्याचं डीफॉल्ट : कॉम वन, ९६००, आठ, एक, नन, आणि फ्लो कंट्रोलला एक्सऑन-एक्सऑफ. शून्य, तीन, पाच, सहा, नऊ पुन्हा दारात.

पुटीत मात्र खरोखरीचा डीफॉल्ट बदलता येतो, आणि तो बदलताना भले भले आपटतात. सिरीयलच्या पानावर जाऊन सगळं नीट लावायचं. पण त्या पानावर सेव्हचं बटणच नाही. मुकाट्याने मागे पहिल्या पानावर यायचं, यादीत 'डीफॉल्ट सेटिंग्ज' असं लिहिलंय त्याच्यावर टिचकी मारायची, आणि मग सेव्ह. 'सेव्ह'ऐवजी बोट शेजारच्या 'लोड'वर गेलं की केलेलं सगळं पुसून जुनं परत. पुतण्याने ते बरोबर केलं, चहा घेतला आणि पुण्याला गेला. दुसऱ्या दिवशी सगळं जुनंच. त्याने ते केलं होतं स्वतःच्या लॉगिनमध्ये. पुटी आपल्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत ज्याच्या त्याच्या नावावर ठेवतो. काट्यावरचा मुलगा दुसऱ्या नावाने आत येतो, त्याच्या खात्यावर काही चढलेलंच नाही. मुलाच्या लॉगिनमधून पुन्हा केलं, लागलं. मग केर काढताना कुणीतरी यूएसबी केबल काढून शेजारच्या भोकात घातली. स्वस्तातल्या केबलला स्वतःची ओळख नसते, त्यामुळे विंडोजला ती नवीच वाटली आणि कॉम चारची कॉम पाच झाली. शेवटी मी त्या भोकाभोवती नेलपॉलिशने लाल गोल काढला. ते केबिनमधलं सर्वांत टिकाऊ सेटिंग ठरलं आहे.

अशा यंत्राशी तुमचा संबंध असेल, मग तो काटा असो, दूधसंकलनाचं मशीन असो की प्रयोगशाळेतला जुना मीटर, तर एक विनंती. पक्क्या शाईने, काचेवर नव्हे, यंत्राच्या पाठीवर लिहून ठेवा : पोर्ट कुठला, वेग किती, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल, केबल कुठल्या भोकात आणि लॉगिन कुणाचं. आठ गोष्टी आहेत. आणि प्रोग्रॅमने 'सेव्ह करू का' विचारलं की हिशेबाची प्रिंट काढून घ्या आणि 'यस' म्हणा.